काचेच्या नळीत अडकलेलं लग्न

बातमीदाराकडं दोन प्रकारचा माल साठतो. छापलेला रद्दीत जातो आणि न छापलेला तोंडात राहतो. माझ्या तोंडात बराच राहिला आहे, कारण आमच्या संपादकांचं पोट नाजूक आणि माझी जीभ तिखट. चार माणसं चहाला बसली की एखादा किस्सा निघतो, त्याची शेपटी धरून दुसरा येतो, आणि चहा निवून जातो तरी कुणी उठत नाही.

आज डॉक्टर चिंचोळीकरांच्या दवाखान्यातले सांगतो. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या वर्षीचा, म्हणजे एकोणीसशे एकोणतीसचा उन्हाळा. दवाखाना मंगळवार पेठेत, आणि बातमीच्या नावाखाली मी रोज संध्याकाळी तिथं. डॉक्टरी शिकायला बाहेरगावी गेलेली आमच्या सोलापूरची तीन मुलं सुट्टीत घरी आली की डॉक्टर त्यांना दवाखान्यात बसवून घेत. कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा वामन, तिघांत हुशार. साखर पेठेतल्या मागवाल्यांचा नरसय्या, घरी तेलुगू आणि दवाखान्यात मराठी. आणि युसूफ, ज्याच्या वडलांची अक्कलकोटच्या रस्त्यावर उतारूंची सर्व्हिस मोटार धावायची.

डॉक्टरांना एकाच रोगानं पछाडलेलं होतं. मूत्रपिंडाचा जुनाट विकार. पुस्तकात ज्याला ब्राइट्स डिसीज म्हणतात तो. ते म्हणायचे, "प्लेग बोंब मारत येतो, कॉलरा दार फोडून येतो. हा भाडेकरूसारखा गुपचूप राहायला येतो, आणि घर बळकावल्यावर मालकाला कळतं."

या रोगाची व्याख्या तिन्ही मुलांना तोंडपाठ होती. परीक्षेला येते ना! रोगी मात्र एकानंही ओळखला नसता. माझा राग तिथून सुरू होतो. पण त्या उन्हाळ्यात या पाठांतरापायी एक लग्न आणि एका मुलीचं आयुष्य टांगणीला लागलं होतं, म्हणून आधी क्रमानं सांगतो.

*

पहिल्याच दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "अहो बातमीदार, उभे राहा. पाठ करा इकडं."

मी उभा राहिलो. अंगात काळा अल्पाकाचा कोट. डॉक्टरांनी मुलांच्या हातात खडू दिला आणि सांगितलं, यांच्या पाठीवर दोन्ही मूत्रपिंडांच्या जागा काढून दाखवा. एकानं काढताना दुसऱ्यांनी बघायचं नाही.

युसूफनं कमरेच्या खाली काढल्या. नरसय्यानं खांद्यांच्या फऱ्याजवळ. वामननं मधे कुठंतरी काढल्या, पण काढताना तो डोळे मिटून पुस्तकातली आकृती आठवत होता, हे माझ्या पाठीलाही कळत होतं.

डॉक्टर मागं उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वा. यांना सहा आहेत. म्हणूनच दिवसभर चहा सोसतो."

बरोबर कुणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही. तिघांनी घरी जाऊन शोधून काढायचं. मी तसाच घरी गेलो. आमच्या मंडळींनी कोट बघितला आणि शांतपणे विचारलं, "आज कुणाविरुद्ध लिहिलंत?"

*

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. सुट्टी संपेपर्यंत दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक रोग्याची लघवी उकळून बघायची, आणि सुरुवात स्वतःपासून.

रीत सोपी. काचेच्या नळीत थोडी लघवी घ्यायची आणि वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा. मूत्रपिंडं गळकी झाली असतील तर रक्तातलं सत्त्व लघवीतून जातं, आणि तापवल्यावर ते नासलेल्या दुधासारखं पांढरं दिसतं.

तिघांची तोंडं बघण्यासारखी झाली. नरसय्या म्हणाला, "डॉक्टर, कॉलेजात हे काम नोकर करतो की."

"मग रोग्यांना नोकराकडंच पाठवू," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही शिकून कशाला दमता?"

नरसय्यानं आणि युसूफनं तिथल्या तिथं, नाक वळवून का होईना, केलं. दोघांचीही नळी पाण्यासारखी स्वच्छ. वामन लाजला. मी घरी करतो म्हणाला आणि नळी नि दिवा पंच्यात गुंडाळून घेऊन गेला.

दोन दिवसांनी संध्याकाळी त्यानं मला तळ्याकाठी बोलावलं. सिद्धेश्वराच्या पायऱ्यांवर बसलो. पाण्यात एक खडा टाकून तो म्हणाला, "तात्या, मला आहे."

"काय आहे?"

"तेच. नळीत पांढरं येतंय. पुन्हा पुन्हा केलं. सकाळी पापण्याही जड वाटतात."

वामनचं लग्न ठरलेलं होतं, वैशाखातलाच मुहूर्त. मुलगी करमाळ्याची, अंबू नावाची. तिचे वडील सखारामभट कमलाभवानीच्या पूजेला असायचे. इकडं अक्षता वाटून झाल्या होत्या.

मी म्हटलं, डॉक्टरांना सांग. तर म्हणे डॉक्टर बाबांचे स्नेही, ते बाबांना सांगणार. बाबा लग्न मोडणार नाहीत, उलट गोष्ट झाकून ठेवतील. "आणि डॉक्टर वेगळं काय सांगणार, तात्या? तो धडा मला पाठ आहे. चार वर्षं काढीन, फार तर सहा. पुढं तिचं काय करतात आमच्यात, तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. त्या केशवपनाविरुद्ध लिहून मी एक नोकरी घालवली होती.

सखारामभटांना तो स्वतः सांगणार होता, फक्त धीर होत नव्हता. तोवर कुणाला बोलायचं नाही म्हणून त्यानं मला सिद्धेश्वराची शपथ घातली. बातमीदाराला शपथ घालणं म्हणजे मांजराला दुधावर बसवणं. पण मी घेतली.

*

बोलता येत नाही म्हटल्यावर मी लिहायला बसलो. मूत्रपिंडाच्या विकारावर चांगला दोन कॉलमांचा लेख लिहिला. चेहरा सुजला, पाय सुजले, लघवी कमी झाली तर काय करावं, कुणाकडं जावं. शास्त्र तपासायला वामनला दिला. त्यानं त्यात स्वतःच्या हातानं एक वाक्य घातलं: हा रोग बरा होत नाही. मी खोडलं. त्यानं पुन्हा घातलं. मी कागदच हिसकावून घेतला.

संपादकांनी लेख वाचला आणि दोन बोटांनी परत केला. "नाही चालणार. आपला पेपर लोक जेवताना वाचतात."

मी म्हटलं, याच पेपरात डोकेदुखीपासून धातुविकारापर्यंत सगळं बरं करणाऱ्या पाकाची जाहिरात चौकटीत येते, ती काय लोक उपास सोडताना वाचतात? बरंच वाजलं. छापखान्यातल्या लोकांनी अक्षरांचे खिळे जुळवायचं थांबवलं आणि ऐकत उभे राहिले. शेवटी संपादक कबूल झाले, पण एका अटीवर. लघवी हा शब्द कुठंही येता कामा नये.

तो त्यांनी स्वतः काढला, सगळीकडून. त्या जागी दुसरा घातला नाही. त्यामुळं छापून आलं ते असं: सूज दिसताच काचेच्या नळीत घेऊन उकळावी आणि डॉक्टरांस दाखवावी.

दुसऱ्या दिवशी एक पेन्शनर गृहस्थ दवाखान्यात हजर. हातात तांब्या, तांब्यात उकळलेलं ताक. सूज डाव्या गुडघ्याला. डॉक्टरांनी ताक बघितलं, गुडघा बघितला, माझ्याकडं बघितलं.

मी तरातरा ऑफिसात गेलो आणि सगळा प्रकार सांगितला. संपादक खूश झाले. "म्हणजे लेख वाचला गेला!"

*

पुढच्या आठवड्यात डॉक्टर आम्हाला वळसंगला घेऊन गेले. तिथल्या पाटलांनी बोलावलं होतं. गावात दोनचार जणांना सूज होती. युसूफच्या वडलांनी मोटार दिली आणि स्वतःच चालवायला बसले. मागं मुलांचं रोग्यांविषयी बोलणं चाललं होतं. वामन सूज असलेल्या माणसाचं मीठ कसं तोडावं ते सांगत होता. युसूफचे वडील रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "युसूफ, ये तेरा दोस्त अभी डागदर बन्या नै, अभीच लोगाँ का नमक बंद करने लग्या. बन्या तो पानी बी नै छोडता रे."

वामन हसला नाही. त्याचं स्वतःचं मीठ कधीच बंद झालं होतं, हे मोटारीत मला एकट्याला ठाऊक.

वळसंगात काम चांगलं झालं. डॉक्टरांनी चावडीत दिवा लावला, मुलांनी नळ्या धरल्या. डोळे सुजलेल्या एका शेतकऱ्याला वामननं इतक्या मायेनं विचारलं, कधीपासून आहे, झोप लागते का, घरी कोण आहे, की तो माणूस घाबरला आणि डॉक्टरांना म्हणाला, "हे पोरगं असं का बोलतंय? मी जगतो न्हवं?"

त्याची नळी स्वच्छ होती; आठवडाभर ताप येऊन गेला होता, बाकी काही नव्हतं. डॉक्टरांनी तसं सांगितलं. आणि गंमत अशी, की सगळ्यात जास्त हलकं वाटलं ते वामनला. तो त्या माणसाचा हात धरून उभाच राहिला.

दुपारी पाटलांच्या घरी पंगत. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. वामननं पिठलं बाजूला सारलं, चटणी बाजूला सारली आणि कोरडी भाकरी दह्याशी खाऊ लागला. पाटलांच्या आई वाढत होत्या. त्यांनी आधी पिठल्याकडं पाहिलं, मग वामनकडं.

"का रं बाबा, ग्वाड न्हाय लागलं?"

"तसं नाही, आजी. मी मीठ खात नाही."

म्हातारीनं पळी भांड्यात ठेवली. "आमचं मीठ खायाचं न्हाय. म्हंजी उद्या आमच्या जिवावर उठायला मोकळा व्हय?"

पाटलांनी आईला आवरलं. डॉक्टर ताटावर वाकून हसू दाबत होते. वामननं निमूटपणे पिठलं पुढं ओढलं आणि सगळं खाल्लं. परतताना मोटारीत तो माझ्या कानाशी म्हणाला, "आज आयुष्यातले दोन महिने कमी झाले असतील, तात्या."

त्याला मारावं की डॉक्टरांना सांगून टाकावं, असं मला झालं. शपथ आडवी आली.

*

डॉक्टरांच्या घरी पंगत एकच असे. ब्राह्मण, मागवाला, मुसलमान, बातमीदार, सगळे एका ओळीत. ज्याला चालत नसेल त्यानं आपल्या घरी जेवावं. वामनच्या वडलांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि आम्हीही ते छापलं नाही.

लग्नाला फार दिवस उरले नव्हते. डॉक्टरांनी एका दुपारी तिघांना आणि मला जेवायला बोलावलं. पंगतीत आणखी एक पाहुणा होता, व्यंकय्या. नरसय्याच्याच गल्लीतला, स्वतःचा माग चालवणारा, अंगानं भरलेला, मितभाषी माणूस. नरसय्या त्याला मामा म्हणायचा.

जेवण छान झालं. गप्पा झाल्या. व्यंकय्या भाताबरोबर दूधच घेत होता. लोणचं आलं तेव्हा त्यानं पानावर हात आडवा धरला. मुलांचं लक्ष आमरसाकडं होतं.

हात धुण्यापूर्वी डॉक्टर म्हणाले, "थांबा. या पंगतीत एका माणसाची मूत्रपिंडं बिघडलेली आहेत. मी स्वतः तपासलंय. कोण ते सांगा."

युसूफनं क्षणभरही विचार न करता माझ्याकडं बोट केलं. नरसय्यानंही माझ्याकडंच. कारण विचारलं तर युसूफ म्हणाला, "चेहरा ओढलेला, झोप कमी, आणि स्वभाव चिडका. पुस्तकात चिडचिड लिहिली आहे, सर."

"पुस्तक लिहिलं तेव्हा यांना कुणी भेटलेलं दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "हे जन्मतःच असे आहेत. वामन, तू सांग."

वामन पांढराफटक पडला होता. त्याला वाटलं, डॉक्टरांना कळलं. तो उठला, उष्ट्या हातानंच बाहेर गेला आणि परत आला नाही.

डॉक्टरांचा समज वेगळाच झाला. "लाजला. बरं झालं, हुशार मुलाला अधूनमधून लाज वाटावी." मग त्यांनी व्यंकय्याच्या खांद्यावर हात ठेवला. आज वर्ष झालं, या माणसाला सूज आहे. पापण्या बघा, घोटे दाबून बघा. नरसय्या, तुझ्या घरासमोर राहतो हा.

नरसय्यानं मामाचा घोटा दाबला. बोटाचा खड्डा तसाच राहिला. तो फार हळू म्हणाला, "मला वाटायचं मामा सुधारले. अंग भरलं."

व्यंकय्याच त्याची समजूत घालू लागला. "माझी बायकोपण तेच म्हणत होती रे. लई खूश होती."

व्यंकय्या अजून आहे, हेही इथंच सांगून टाकतो. दूध, विश्रांती आणि डॉक्टरांच्या शिव्या यांवर त्याचं बरं चाललं आहे. माग आता मुलगा चालवतो आणि हा ओट्यावर बसून त्याच्या चुका काढतो.

*

पंगतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी युसूफ सांगत आला की वामन स्टेशनावर दिसला. पहिल्या गाडीनं जेऊरला उतरून करमाळ्याला जाणार म्हणत होता.

मी तडक दवाखाना गाठला आणि शपथ मोडली. सिद्धेश्वर मोठा आहे, त्याला कळतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, "पांढरं आल्यावर त्यानं ॲसिड घातलं का?"

"कसलं ॲसिड?"

डॉक्टरांनी समोरच्या रोग्यांना उद्या या म्हणून सांगितलं, बॅग उचलली आणि चालू लागले. गाडीत बसल्यावर मला कळलं ते असं. लघवी तापवली की पांढरं दोन कारणांनी येतं. एक त्या रोगामुळं. दुसरं साध्या क्षारामुळं; आपल्या शाकाहारी माणसांत, जेवणानंतर, कुणाच्याही नळीत ते येऊ शकतं. म्हणून वरून आंबटाचे दोनचार थेंब टाकायचे. क्षार असेल तर पांढरं विरून जातं. रोग असेल तर राहतं.

"म्हणजे वामनला काही नाही?"

"म्हणजे मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "कॉलेजात प्रोफेसर टेबलावर एकदा करून दाखवतात. मुलांनी हॉल भरलेला. मागच्या बाकावरून पांढरं उसळलेलं दिसतं. थेंब टाकलेला दिसत नाही. आणि दवाखान्यात पांढरं आलं की नळी मी आत नेतो, थेंब तिथं टाकतो."

मी त्या कॉलेजाविषयी जेऊर येईपर्यंत जे बोललो त्यातलं एक अक्षरही आमच्या संपादकांनी छापलं नसतं. समोरच्या बाकावरच्या बाईंनी मुलाचे कान झाकले.

करमाळ्यात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सखारामभटांच्या ओट्यावर वामन एकटा बसला होता, टोपी मांडीवर. आम्हाला बघून तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी सांगून टाकलं."

त्यानं दुपारीच भटजींना सगळं सांगितलं होतं. भटजींनी आंघोळ केली, सोवळं नेसले आणि "देवीपुढं बसून येतो, तोवर जाऊ नका" एवढंच सांगून देवळात गेले. आत बायकामाणसांत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

डॉक्टरांनी वामनच्या हातात नळी दिली आणि गोठ्यामागं पाठवलं. तो गेला, कारण डॉक्टरांचा चेहरा नाही म्हणण्यासारखा नव्हता. इकडं डॉक्टरांनी ओट्यावर स्पिरिटचा दिवा लावला, बॅगेत हात घातला, पुन्हा घातला, मग बॅग उपडी केली. ॲसिडची बाटली सोलापुरातच राहिली होती.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काही बोललो नाही. आयुष्यात फार कमी वेळा असं झालंय.

मग त्यांनी दाराशी जाऊन हाक मारली, "अहो वहिनी, एखादं लिंबू मिळेल का?"

घरात लिंबं होती. अंबूची आई पाहुण्यांसाठी दुःख गिळून बाहेर आली, आणि लिंबाबरोबर साखरेची वाटी नि पाण्याचा तांब्याही ठेवून गेली. उन्हातून आलेल्या माणसाला लिंबू कशाला लागतं, हे काय सांगायला हवं?

वामन नळी घेऊन आला. डॉक्टरांनी ती दिव्यावर धरली. थोड्या वेळात वरच्या भागात पांढरं उसळलं. अगदी ढगासारखं, वामन म्हणाला होता तसंच. वामननं मान फिरवली.

"इकडं बघ," डॉक्टर म्हणाले. "मागच्या बाकावर बसल्यासारखा बसू नकोस."

त्यांनी लिंबू कापलं, अर्धं नळीवर धरून पिळलं. एक थेंब पडला. ढग तसाच. डॉक्टरांनी आणखी पिळलं. ढगाच्या कडा पातळ झाल्या, मधला भाग खाली ओघळला, आणि बघता बघता नळीतून पलीकडचं तुळशीवृंदावन स्वच्छ दिसू लागलं.

मग वामन म्हणाला, "पुन्हा करा."

"मी नाही. तू कर."

त्यानं केलं. नळीत जे उरलं होतं ते फेकून नवं घेऊन आला, स्वतः तापवलं. मी त्याचं मनगट धरून ठेवलं. पांढरं आलं. त्यानं लिंबू पिळलं. पांढरं गेलं. वामन नळी हातात धरून ओट्यावरच खाली बसला आणि पोरासारखा रडायला लागला. डॉक्टर त्याच्या पाठीवर थापट्या मारत त्याला मूर्ख, गाढव, पाठांतऱ्या असं काय काय म्हणत होते.

तेव्हा माझं लक्ष अंगणाकडं गेलं. सखारामभट देवळातून परत आले होते. सोवळ्यात, अंग चोरून, वृंदावनाच्या पलीकडं उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांच्या ओट्यावर दिवा जळत होता, होणारा जावई वाफाळती नळी हातात धरून रडत होता, आणि बाजूला त्यांच्या घरचं लिंबू पिळून पडलेलं होतं.

डॉक्टर उठले आणि त्यांनी हात न जोडता, सरळ, सगळं सांगितलं. नळीत काय होतं, लिंबू कशाला, पांढरं का गेलं. "मुलाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "चूक शिकवणाऱ्यांची आहे आणि थोडी माझी."

सखारामभट ऐकत होते. त्यांची नजर नळीवरून लिंबावर, लिंबावरून वामनवर गेली. वामननं डोळे पुसले आणि तो उभा राहिला. त्याला वाटलं, आता घराबाहेर काढतात. मलाही तसंच वाटलं, आणि भांडायच्या तयारीनं मी पुढं सरकलो.

तेवढ्यात आतून अंबूच्या आईचा आवाज आला. रडून घोगरा झालेला, पण पाहुण्यांचं विसरलेला नव्हता. "अहो, आलात का? पाहुणे मघापासून तसेच बसलेत. ते उरलेलं अर्धं लिंबू द्या आत, सरबत करते सगळ्यांना."

सखारामभटांनी लिंबाकडं पुन्हा एकदा पाहिलं.

"पन्हं कर," ते म्हणाले. "आणि लग्नात वऱ्हाडालाही पन्हंच द्यायचं."